ओडेलचा तळातला सूर

तीस वर्षं ओडेल पेटिफर्ड दुसऱ्याच्या गाण्यामागे 'डूम, डूम' करत आला, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्यांच्या 'एल्डरटोन्स' या गायकमंडळीत पुढे गायचा तो ल्यूशस. पोस्टरवर मोठा फोटोही त्याचाच. पण त्यांच्या गाजलेल्या गाण्याच्या शेवटी सगळे गप्प व्हायचे आणि ओडेल एकटा खर्जातला एक सूर लावायचा. तेवढ्यासाठी फिलाडेल्फियातल्या बायका किंचाळायच्या. स्वारी तेवढ्यावर खूश.

आज जुन्या वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. तळलेल्या माशांचा वास सुटला होता, खुर्च्या भरल्या होत्या, आणि पडद्यामागे ल्यूशसचा चेहरा उतरला होता. तालमीत वरच्या सुराला त्याचा आवाज दोनदा फाटला होता.

"अरे, जरा खालून गाऊ या की," ओडेल म्हणाला.

"रेकॉर्डवर आहे तिथूनच गाणार. नाही जमलं तर आजपासून गाणं बंद!"

आता या माणसाला कोण समजावणार? पण नाक्यावर बिनवाद्यांचं गायचे तेव्हापासूनची रीत होती: पहिला सूर ओडेलने गुणगुणायचा, बाकीच्यांनी तो धरायचा. तो खाली दिला तर ल्यूशस तरला असता. मात्र ओडेलचा शेवटचा सूर आणखी खाली गेला असता, आणि तिथवर त्याचा गळा तरुणपणीही पोचला नव्हता.

पडदा सरकला. ओडेलने डोळे मिटले आणि सूर दिला, चांगलाच खालचा.

ल्यूशस असा गायला की म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवरून उठल्या. वरचा सूर त्याने लीलया घेतला. मग सगळे थांबले. ओडेलने नेहमीसारखी हनुवटी छातीला टेकवली, तोंड उघडलं. नुसती हवा आली.

बायका किंचाळल्या! इतकी वर्षं कानात बसलेला सूर त्यांना ऐकू आला असणार.

आत आल्यावर ल्यूशसने गळ्यातला बो सोडला. "खाली दिलास."

"किंचित."

"माझ्यापायी स्वतःचा सूर घालवलास, गाढवा." त्याचे डोळे भरले होते.

"बायका किंचाळल्या ना?"

"किंचाळल्या."

"मग झालं तर," ओडेल म्हणाला. "चल, मासे संपतील."

ल्यूशस उठला. "पुढच्या वेळीही तिथूनच दे."