शेंदराआडचं तोंड

पुढं सरकून बसा, मायबाप. टाळ जरा खाली ठेवा. चांद्यातल्या एका दगडी तोंडाची गोष्ट सांगायची आहे, ती झाल्याशिवाय आज आरती नाही.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या वैशाखात मोहल्ल्याची विहीर आटली. गुणाबाई ढिवरीण, मुलगा वरोऱ्याला कामावर, घरात सून प्रेमिला नवी बाळंतीण. पाणी आणणारी एकटी गुणाबाई. झरपट नदीत डबक्यापुरतं पाणी, आणि तिथून घरापर्यंत तिचे गुडघे बोलत. लेकराची धडुती धुवायची तशीच पडून. वाटेत जुन्या दगडी भिंतीत शेंदरी मारोती होता. त्याच्या सावलीला ती रोज टेकायची. देवाचं नाव घ्यायचंही त्राण नसायचं.

एका सकाळी टेकली तर पाठ ओली झाली. घाम समजून पदर फिरवला, तो पदराला शेवाळ लागलं. सगळं गाव करपलेलं, आणि मारोतीच्या हनुवटीखाली हिरवं.

पुजारी देवाजी तेलाची वाटी घेऊन आला. आत पाणी मुरतंय, शेंदूर खरवडू या, असं तिनं म्हटलं तसा तो खालीच बसला. त्याच्या आज्याच्याही आधीपासून दर शनिवारी थरावर थर चढलेला. देवाले बाटवते का, असं आधी पुटपुटला. मग म्हणाला, "गुणाबाई, आतून मारोती नाई निघाला, तं मी उद्या कोणाले हात जोडू?"

"मले नाई माहीत, भाऊ. मले घागरभर पाणी पाह्यजे."

देवाजीनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग नारळ फोडायचा कोयता त्यानंच लावला. मासळीचा खवला सुटावा तसा शेंदूर सुटला. आत मगरीचं उघडं तोंड, दात न् दात कोरलेलं, आणि घशात शेंदराचं बूच. ते निघालं तशी, जुन्या राजानं दूरच्या तलावातून या भिंतीत आणलेल्या नळाची धार आली. करंगळीएवढीच.

घागर भरायला फार वेळ लागला. गुणाबाईचा तेवढ्यात डोळा लागला. भरलेली घागर देवाजीनं घरी पोचवली.

पुढं लोकांनी भिंत धुंडाळली. गोवऱ्यांच्या आड एक गाईचं आणि एक हत्तीचं तोंड सापडलं. हत्ती कोरडाच निघाला. देवाजीचे शनिवारचे नारळ मात्र बंद झाले. लोक त्याला देवबुडव्या म्हणत. तो मगरीखालचा गाळ उपसत राहिला, शेवटपर्यंत.

तर मायबाप, त्या धारेला ओंजळ लावलीत, तर पहिल्या घोटाआधी देवाजीची आठवण काढा. म्हातारपणी त्याला कोणी फार विचारलं नाही.