सहा पिना

मामांनी प्लग कॅपमध्ये खोचला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि ठिणगी दिसावी म्हणून तळहाताचा आडोसा धरला.

"मार," ते म्हणाले.

ढापण्याने किक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. मामा गुडघे टेकून प्लगकडे एकटक बघत होते, जणू डोळे वटारले की तो वठणीवर येईल.

"करंटच नाही," मामा म्हणाले. "दोन दिवस हेच चाललंय. पेट्रोल येतंय. कार्बोरेटर धुतला, प्लग नवा घातला, कॉइल बदलून बघितली. आता मॅग्नेट उघडतो."

ढापण्या आता सेहेचाळीस वर्षांचा होता. चौकात त्याचं दोन शटरांचं गॅरेज होतं, हाताखाली चार माणसं होती आणि ती चौघं त्याला शेठ म्हणत. ढापण्या म्हणणारे जगात दोनच जीव उरले होते, मामा आणि मामी. विसाव्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा लावून तो मामांच्या गॅरेजच्या याच दारात काम मागायला आला, तेव्हा मामांनी खरं नाव विचारायच्या आधीच हे नाव ठेवून दिलं होतं. नंतर खरं विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी मामींचा फोन आला होता. "तुझ्या मामांची गाडी चालू होत नाहीये," त्या म्हणाल्या होत्या. मग जरा थांबून, "आणि हे जेवत नाहीयेत. ये बाबा एकदा."

मामांची गाडी बत्तीस वर्षं जुनी होती आणि तिला ढकलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आता तिची टाकी रद्दीच्या कागदांवर ठेवली होती, सीट भिंतीला टेकून उभी होती, वायरी बाहेर लोंबत होत्या. कार्बोरेटरला वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल दिलं होतं. दवाखान्यातल्या पेशंटची असते तशी गाडीची अवस्था होती. मामींनी दारात उभं राहून पदराने चेहरा पुसला.

"अजून एकदा मार," मामा म्हणाले.

ढापण्याने हँडलची उजवी मूठ धरली आणि त्याच्या अंगठ्याखाली तिथलं लाल बटण आलं.

बटण बंद होतं. ते बंद असलं की इंजिनाला करंट मिळत नाही, मग दिवसभर किका मारा. मामा गाडी नेहमी त्याच बटणाने बंद करायचे. परवा बंद केली असणार, आणि चालू करायचं राहिलं असणार. ढापण्याचा पाय किकवर तसाच राहिला.

याच फरशीवर मामांनी त्याला पहिला धडा दिला होता. आधी बटण, मग पेट्रोल, मग प्लग. पाना त्याच्यानंतर. बटण न बघता कुणी पाना उचलला की मामा त्याच्या मागे उभे राहून इतक्या गोड आवाजात चौकशी करायचे की त्यापेक्षा कानाखाली मारलेली बरी वाटायची.

पण गिऱ्हाइकांशी ते असं वागत नसत. एकदा एक कापडदुकानदार भर उन्हात गाडी ढकलत आला. बायको मागून चालत होती आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. गाडीचं बटण बंद होतं. मामांनी त्या दोघांना स्टुलावर बसवलं, प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकला, परत बसवला. मधेच मूठ पुसण्याच्या निमित्ताने फडक्याखाली बटण दाबलं. "प्लगात कचरा होता," ते दुकानदाराला म्हणाले. "तुमचा काही दोष नाही." तो गेल्यावर ढापण्या हसायला लागला, तर मामांनी त्याला गप्प केलं. "आपण गाडी खोलायची," ते म्हणाले, "माणूस नाही."

"काय झालं?" मामांनी विचारलं. "पाय दुखतोय का?"

"नाही. तो प्लग द्या बघू माझ्याकडे."

मामांनी प्लग दिला. ढापण्याने पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, प्लगचं टोक घासलं, फुंकर मारली. प्लग इंजिनात बसवून आवळला, कॅप लावली. मग खांद्यावरचं फडकं काढून मूठ पुसली. जरा जास्तच पुसली.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

मामींनी छातीवर हात ठेवला आणि त्या आत गेल्या. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. मामा मात्र हसले नाहीत. इंजिनाकडे कान करून थोडा वेळ ऐकत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी गाडी बंद केली. अंगठा बटणावर तसाच ठेवून ते म्हणाले, "काय होतं?"

"प्लग होता. कचरा होता थोडा."

"नवा होता प्लग."

"नव्यातही निघतात खराब."

"निघतात," मामा म्हणाले. "तो कापडवाला आठवतो तुला? बायको मागून चालत आली होती तो?"

ढापण्याने चष्मा काढून पुसायला घेतला. शिष्याने गुरूचीच युक्ती गुरूवर चालवली होती आणि ती चालेल असं त्याला वाटलं होतं, हा शुद्ध वेडेपणा होता. त्याचे कान तापले.

मामांनी फडकं उचललं आणि एकेक बोट वेगळं पुसलं.

"बटणाचं मला काही वाटत नाही रे," ते म्हणाले. खरं तर वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. "बटण विसरलं तर गाडी चालू होत नाही. बास. पण या महिन्यात मी गिऱ्हाइकांची चाकंही उतरवून बसवलीत."

ढापण्याला हे आधीच सुचायला हवं होतं. त्याने मामांची लाज झाकायचा विचार केला होता. मामांनी दुरुस्त केलेल्या गाड्यांवर बसून कोण कुठे जात असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मामांनी फळीवरून पत्र्याची चपटी डबी काढली. मागच्या चाकाचा नट फिरून निघू नये म्हणून त्यातून जी पिन घालतात, तसल्या पिना तिच्यात असत. गंजू नयेत म्हणून मामा त्या जळक्या ऑइलमध्ये बुडवून ठेवत. पिन म्हणजे बोटाएवढी तार, पण तिच्यावरून या गॅरेजात एक कायदा होता. जो पिन विसरला त्याने आठ दिवस हत्याराला हात लावायचा नाही, झाडू मारायचा. नवव्या दिवशी मामा स्वतः त्याच्या हातात पाना द्यायचे. ढापण्याने पहिल्याच वर्षी ते आठ दिवस भोगले होते. नंतर आयुष्यात पिन विसरला नव्हता.

मामांनी मोजून सहा पिना डबीत ठेवल्या, बाकीच्या फळीवर कागदात काढल्या.

"सहा गाड्या आहेत. पोस्टमनची, औषधवाल्याची, दोन मास्तरांच्या, नर्सबाईंची आणि गिरणीवाल्याची. आजच्या आज बघून ये." मग ते घुटमळले. "म्हणजे मला आठवतात त्या सहा."

"सहाच," आतून मामी म्हणाल्या. "प्रत्येकाला चहा मी दिलाय."

त्यांनी सगळं ऐकलं होतं. कदाचित आजच्या आधीही बरंच काही पाहिलं असेल.

"मामा, एखाद्या वेळी होतं कुणाचंही," ढापण्या म्हणाला. "तुमच्या हातून पिन राहायची नाही. हवं तर तुम्हीही चला माझ्याबरोबर."

"मी येऊन काय उपयोग? मला माझं काम बरोबरच दिसणार. दोन दिवस त्या बटणाकडे बघतच होतो की."

ढापण्याने डबी खिशात टाकली.

पोस्टमनच्या गाडीची पिन जागेवर होती. दोन्ही टोकं नटाला चिकटून अशी सफाईने वळवलेली की बघत राहावं. औषधवाल्याचीही तशीच. दोन्ही मास्तर शाळेत भेटले. ढापण्या वाकून चाकं बघत होता तोवर त्यातल्या धाकट्या मास्तरांनी मामांचं कौतुक सुरू केलं, आणि तेही खोटं नव्हतं. चौथी पिन बघून झाल्यावर ढापण्याला इतकं हलकं वाटलं की त्याने टपरीवर थांबून चहा घेतला. म्हातारा उगाच घाबरलाय, असं तो मनाशी म्हणाला.

नर्सबाईंची गाडी दवाखान्यामागच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या सीटवर लहान लेकरासाठी फुलाफुलांची उशी दोरीने बांधलेली होती. ढापण्या खाली बसला. नटाचं भोक रिकामं होतं.

त्याने चष्मा काढून पुन्हा लावला. भोक रिकामंच होतं आणि नट दोन आटे बाहेर आला होता. अजून किती दिवस टिकला असता, याचा अंदाज त्याच्यासारख्या माणसाला करता येत होता. त्याने तो करायचं टाळलं. नट आवळला, डबीतली एक पिन घातली, टोकं वळवली. मग तो तिथेच जमिनीवर बसून राहिला.

"काय हो, काय झालं?" नर्सबाई ड्यूटी संपवून आल्या होत्या.

"काही नाही. मामांनी पाठवलंय, सहज बघायला."

"मामा म्हणजे मामाच," त्या उशीची दोरी चाचपत म्हणाल्या. "परवा चाक बसवून दिलं, तेव्हापासून जराही आवाज नाही. त्यांना सांगा हं."

"सांगतो," ढापण्या म्हणाला.

गिरणीवाल्याची पिन जागेवर होती. परतताना ढापण्या आपल्या गॅरेजवर थांबला. खोक्यातून एक नवी पिन काढून त्याने डबीत टाकली आणि बोटाने चांगली घोळवली. ती बाकीच्यांसारखी काळी झाली. सहाच्या सहा.

तो मामांकडे पोचला तेव्हा उन्हं कलली होती. गाडी जोडून झाली होती, सीट तेवढी बसवायची होती. मामा स्टुलावर बसले होते. मामी दाराला टेकून उभ्या होत्या.

"जेवले का?" ढापण्याने त्यांना विचारलं.

"ताटावर बसले होते," मामी म्हणाल्या.

ढापण्याने डबी पुढे केली. "सगळ्या गाड्या ठीक आहेत, मामा. सगळ्यांच्या पिना आहेत जागेवर." यात एक शब्दही खोटा नव्हता.

मामांनी डबी तळहातावर उलटी केली. सहा पिना. मामींनी मोठा श्वास सोडला. मामांनी मात्र गुडघ्यावरचं फडकं घेतलं आणि एक पिन पुसून शेजारी आडव्या पडलेल्या सीटवर ठेवली. ती पुसूनही तपकिरीच राहिली, वर्षानुवर्षं ऑइलमध्ये मुरलेली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथी पुसली आणि ती चकाकली.

मामांनी ती बोटांत धरून उजेडाकडे केली.

"कोणाची?"

ढापण्याने मामींकडे पाहिलं. त्या मामांकडे बघत होत्या.

"नर्सबाईंची," तो म्हणाला.

"नट?"

"दोन आटे सुटला होता."

"मुलीला घेऊन जाते ती शाळेत," मामा म्हणाले.

"काही झालेलं नाही, मामा. मी आवळलाय. बाई उलट खूश आहेत, आवाज गेला म्हणून."

हे ऐकून मामांचा चेहरा साफ उतरला. रागावले असते तर ढापण्याला बरं वाटलं असतं. मामा उठले. त्यांनी पाने ठेवायचं गुंडाळीचं कापड पसरलं, बारीक पान्यापासून मोठ्यापर्यंत एकेक पाना आपापल्या कप्प्यात सारला, गुंडाळी करून दोरी बांधली आणि ती ढापण्याच्या हातात दिली. ती अंदाजापेक्षा जड होती.

मग कोपऱ्यातून झाडू उचलला.

"अहो, राहू द्या," मामी म्हणाल्या. "मी झाडते ना सकाळी."

"सकाळी कशाला? माझे आठ दिवस आजपासून सुरू झाले."

त्यांनी भिंतीकडून झाडायला सुरुवात केली. वाकताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता. झाडताझाडताच, मान वर न करता म्हणाले, "नवव्या दिवशी ये."

"येतो."

"पाना द्यायचा की नाही, ते तेव्हा तू ठरव. आणि मला विचारू नकोस. विचारलंस तर मी मागेनच."

झाडू गाडीच्या चाकापाशी येऊन थांबला होता. ढापण्याने गुंडाळी काखेत धरली, गाडी स्टँडवरून काढली आणि मामांना खालचं झाडता यावं म्हणून दोन पावलं मागे घेतली.