पाहुण्यांसाठी राखलेले

मित्रांनो, मी एक काचेचे कपाट आहे असे सांगितले तर तुम्ही हसाल, कारण माझ्या अंगावर आता काचही नाही आणि दारेही नाहीत. उघड्याबोडक्या चार फळ्या तेवढ्या उरल्या आहेत. पण माझेही बरे दिवस होते. माग्दालेना नदीच्या काठी सांता ब्रिहिदा नावाच्या गावात माझ्या तोडीचे दुसरे कपाट नव्हते. ही माझी फुशारकी नाही, लोकच तसे म्हणत.

एका म्हाताऱ्या सुताराने मला तांबूस, सुवासिक लाकडातून घडवले, ते तेओतिस्ताच्या लग्नासाठी. काचा खालच्या बंदरातून होडीने आल्या, भाताच्या तुसात गाडून. माझ्या दारांवरून शेवटचा हात फिरवत सुतार नवरीला म्हणाला, "पोरी, हे नुसतं बघायला नाही हो केलेलं. दणकून वापर." तेओतिस्ताने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मला कुलूप घातले.

माझ्यात निळ्या फुलांची चिनीमातीची भांडी राहू लागली. त्या गावात घर कितीही गरीब असो, पाहुण्यांची भांडी वेगळी असतात. पाहुणे म्हणजे पाद्री, डॉक्टर, किंवा शहरातले नातेवाईक. दर शनिवारी तेओतिस्ता एकेक कप बाहेर काढायची, धुवायची, पुसायची आणि परत आत ठेवायची. घरातली माणसे टवके उडालेल्या पत्र्याच्या पेल्यांतून कॉफी पीत. तिची धाकटी मुलगी एडिल्मा माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची.

"आई, एकदाच त्या कपातून पिऊ?"

"अगं, आपण घरचीच माणसं. आपल्याला काय, चालतं!"

हे ती रागाने म्हणत नसे बरे का. लाडाने म्हणे, मुलीच्या केसांतून हात फिरवत. "घरच्यांना चालतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की मला तोंड असते तर मीही तेच बोलले असते.

मग पटकीचे वर्ष आले. गावच्या दवाखान्यात तेव्हा जी नर्स होती ती मनाची फार मोकळी. ज्याचे पोट बिघडले त्याला तिने सलाईन लावले. कोणाला नाही म्हटले नाही. एडिल्माच्या बापाला खाटेवर घालून नेले तेव्हा सलाईनची एकही बाटली उरली नव्हती. "संपलं," एवढेच ती नर्स म्हणाली आणि रडू लागली. बाप गेला. एडिल्मा त्या दिवशी माझ्या पायाशी बसून होती, माझ्या लाकडाला पाठ टेकून. ती रडली नाही. मला वाटते, त्याच दिवशी 'संपलं' हा शब्द तिच्या मनात रुतून बसला.

पुढे ती स्वतः नर्स झाली आणि त्याच दवाखान्याची प्रमुख झाली. तेओतिस्ता वारल्यावर भांडी नातेवाइकांनी वाटून नेली. एक कप तेवढा माझ्या कोपऱ्यात विसरला गेला. मी मागच्या पडवीत पडून राहिले. माझ्या डोक्यावर कोंबड्या बसत आणि पायाला वाळवी लागली. कोणी ढुंकून पाहीना. शेवटी एडिल्मानेच मला गाडीवर घालून दवाखान्यात आणले, रॉकेलने पुसले, नवी किल्ली करवली.

मित्रांनो, तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता माझ्यातून रोज काहीतरी बाहेर जाणार होते. आणि गेलेही. जंताच्या गोळ्या, पट्ट्या, तापाची औषधे. बायका पोरे कडेवर घेऊन माझ्यासमोर रांग लावत. माझी फळी रिकामी झाली की एडिल्मा कुरकुरायची, पण देत राहायची. मला शेवटी सुताराच्या शब्दाला जागता आले.

मग तो साथीचा आजार आला. तुम्हाला तो ठाऊक आहेच. नदीवरच्या होड्या थांबल्या, मासळीबाजार ओस पडला, चर्चची दारे बंद झाली. एके दिवशी शहरातून तपासणीच्या किटचे खोके आले. नाकात काडी घालायची, थेंब टाकायचे, आणि पट्टीवर रेघा उमटतात की नाही ते पाहायचे. पहिली रेघ उमटलीच पाहिजे, कारण ती पट्टी चांगली असल्याची खूण. दुसरी उमटली तर माणूस आजारी. दवाखान्याचा फ्रिज एवढासा, तो मुलांच्या लशींनी गच्च भरलेला. म्हणून खोके माझ्यात आले. मी पश्चिमेच्या खिडकीसमोर उभे होते. दुपारचे ऊन काचेतून आत येई आणि माझे पोट भट्टीसारखे तापे. एडिल्माने कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली.

"एवढ्याशा किटमध्ये सगळ्या गावाचं काय होणार?" ती मलाच म्हणाली. दवाखान्यात दुसरे कोणी नव्हते. "खरी वेळ येईल तेव्हाच काढायचे."

खरी वेळ म्हणजे कोणती, हे तिने ठरवलेच नव्हते. खोकला घेऊन आलेल्याला ती म्हणे, ताप येऊ दे. ताप घेऊन आलेल्याला म्हणे, धाप लागू दे. धाप लागलेल्याला तर तपासायची गरजच नसे, त्याला सरळ होडीत घालून शहरात नेत. आणि ही बाई चोर नव्हती हो. ती स्वतः तोंडाला फडके बांधून दारोदार फिरत होती, म्हाताऱ्यांना पेज भरवत होती. वरून आणखी किट पाठवा म्हणून ती फोनवर ओरडायची, आणि पलीकडून उत्तर यायचे, "तुमचे आधीचे संपले का? मग?"

एके सकाळी विल्फ्रिदो आला. हा प्रवासी होडी चालवणारा. आजाऱ्यांना शहरात नेणे-आणणे आता तोच करत होता. त्याची आई उबाल्दिना गावातल्या लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देई. तिनेच एडिल्माला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतले होते, म्हणजे ती एडिल्माची धर्माची आई.

"सिस्टर, घसा खवखवतोय," विल्फ्रिदो दारातूनच म्हणाला. "जरा तपासून बघता का?"

"ताप आहे?"

"नाही. पण काल होडीत दोघं खोकत होते. आणि घरी म्हातारी आहे. एकच खोली आमची. तुम्ही नुसतं हो की नाही सांगा, मी होडीतच झोपतो."

एडिल्माने माझ्याकडे पाहिले. तिचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. मित्रांनो, मी तो हात पाहिला. माझ्या आतला प्रत्येक खोका जणू पुढे सरकला.

"अरे, तू तर बैलासारखा धडधाकट!" ती म्हणाली. "किट कुठायत रे? वरून येतील तर ना! ताप आला तर ये. आणि धर्माच्या आईला सांग, रविवारी पेज घेऊन येते म्हणावं."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय तर नसेल काही." आणि घरी गेला.

त्याला ताप आलाच नाही. उबाल्दिनाला आला. तिला शहरात न्यायला होडी निघाली ती त्याचीच, आणि अर्ध्या वाटेत त्याने इंजिन बंद केले, कारण आता घाई करण्यासारखे काही उरले नव्हते. साथीमुळे तिच्यासाठी रिवाजाची नऊ दिवसांची प्रार्थना झाली नाही, सांत्वनाला येणाऱ्यांना कोणी कॉफी पाजली नाही, कोणी गळ्यात पडून रडले नाही. एडिल्मा दवाखान्यात आली आणि माझ्या दाराला कपाळ टेकून हमसाहमशी रडली. तिचे अश्रू काचेवरून ओघळले. पलीकडे, बोटभर अंतरावर, खोके होते.

त्यानंतर उबाल्दिनाच्या गल्लीतली आणखी घरे आजारी पडली. विल्फ्रिदो वेड्यासारखा झाला. तो रेडिओवर बोलला, महापौरांच्या दारात जाऊन ओरडला, "आमचे किट कुणी खाल्ले?" सारे गाव त्याच्या मागे उभे राहिले. एडिल्माही. "वरचे सगळे चोर आहेत!" असे ती मनापासून म्हणाली. तिला ते खरेच वाटत होते. जे जपून ठेवले आहे ते तिच्या हिशेबी नव्हतेच मुळी.

ओरड इतकी झाली की शेवटी शहरातून चौकशीला बाई आली. मार्लेनी किरोगा तिचे नाव. किट का कमी पडले, हे शोधत ती नदीकाठची गावे पालथी घालत होती. तिला विल्फ्रिदोच्याच होडीतून आणले. एडिल्माने दवाखाना झाडून घेतला, इस्त्रीचा पांढरा कोट घातला. त्या कोटाला शेवटची इस्त्री उबाल्दिनानेच केलेली होती. तिने मार्लेनीला खुर्ची दिली आणि म्हणाली,

"मॅडम, तुम्ही इतक्या गावांतून फिरून आलात. आधी तुमची तपासणी करते. आमच्याकडे सोय आहे."

"सोय आहे?" मार्लेनी म्हणाली.

"पाहुण्यांसाठी एवढं नको का करायला?" असे म्हणत एडिल्माने गळ्यातली किल्ली काढली आणि मला उघडले.

विल्फ्रिदो दारात उभा होता, बाईंची पिशवी हातात घेऊन. त्याने आत पाहिले. खोके तसेच होते, एकावर एक, न फोडलेले.

एडिल्माने पहिला खोका फोडला, बाईंच्या नाकात काडी घातली, थेंब टाकले. सगळे पट्टीकडे बघत राहिले. पट्टी कोरीच राहिली. पहिली रेघसुद्धा उमटली नाही. तिने दुसरी घेतली, तिसरी घेतली. मार्लेनीने खोका उचलून तारीख वाचली, मग खिडकीकडे पाहिले, मग माझ्या काचेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सिस्टर, हे मेलेत," ती हळूच म्हणाली. "मुदत आता संपली, पण उन्हाने त्याआधीच मेले असतील." खोका खाली ठेवत ती म्हणाली, "नदीच्या वरच्या अंगाला दोन दवाखान्यांत हेच पाहिलं. गोदामवाले म्हणतात खाली खपत नाहीत. खालचे म्हणतात वरून येत नाहीत."

विल्फ्रिदोने पिशवी खाली ठेवली.

"सिस्टर, मी आलो तेव्हा हे होते?"

एडिल्माने हातातली कोरी पट्टी खाली ठेवली.

"होते ना? चांगले होते ना तेव्हा?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "ह्या बाई आत्ता आल्या, त्या पाहुण्या. मग माझी आई कोण होती?"

एडिल्माने मान वर केली. तिने उत्तर शोधले नाही, ते तिच्या तोंडून आपसूक आले, लहानपणापासून ऐकलेले.

"घरची होती रे," ती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली, माझ्या लाकडाला पाठ टेकून.

विल्फ्रिदो होडीवर गेला. मला वाटले, आता हा कुऱ्हाड आणणार. त्याने पेचकस आणला. एकेक स्क्रू काढून त्याने माझी दारे उतरवली, आणि काचा न फोडता भिंतीला टेकवून ठेवल्या. एडिल्मा उठली आणि त्याला दार धरू लागली. मार्लेनी बाईंनी पुढे काय लिहिले ते मला ठाऊक नाही. एडिल्माची बदली झाली. तिच्या जागी दुसरी नर्स आली. नदीवरचा आजार हळूहळू ओसरला, पण त्या गल्लीतली इस्त्री करणारी बाई परत आली नाही.

मित्रांनो, वस्तू जपणे वाईट नाही. मीसुद्धा जपले गेले म्हणून इतकी वर्षे टिकले. पण तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे कपाट असेल, तर त्याच्या आत काय आहे ते एकदा बघा, आणि दाराशी कोण उभे आहे तेही बघा. दाराशी उभा असलेला माणूस घरचा असला तर त्याला आधी द्या. त्याला चालत नसते. तो बोलत नाही, एवढेच.

आता माझ्या फळीवर पाण्याचा घडा असतो, आणि त्याच्याशेजारी तो निळ्या फुलांचा विसरलेला कप. जो येतो तो त्याच कपातून पाणी पितो. परवा एका पोराच्या हातून त्याचा कान तुटला, कोणी रागावले नाही. विल्फ्रिदो आजही आजाऱ्यांना घेऊन येतो. उन्हातून आलेला असतो, घसा कोरडा पडलेला असतो. तो घड्याकडे बघतो, कपाकडे बघतो. मग बाहेर जाऊन नळाखाली ओंजळ धरतो.