कडूबाला फळ्याजवळ बोलवावे

टाचण म्हणजे काय, हे मास्तरकीत नसलेल्यांना सांगावं लागतं. उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं, ते टाचण. साहेब शाळेवर आले की आधी टाचण मागतात, मग पाणी. आणि आम्ही काय करतो? जूनमध्ये नवी वही आणतो, तिला खाकी कव्हर घालतो आणि गेल्या वर्षीच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवून काढतो. तारखा तेवढ्या बदलायच्या. मी बावीस वर्षं हेच केलं. सगळेच करतात म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

आमची शाळा आष्टीपासून चार किलोमीटरवर, एका वस्तीवर. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडे, शिवाय मुख्याध्यापकाचा शिक्काही माझ्याकडेच. लोक म्हणतात, दैवशालाबाईचा आवाज पलीकडच्या शिवारात जातो. जात असेल. पोरं तरी ऐकतात.

पहिली-दुसरीला यंदा प्रीती आली, नवीकोरी. ही पोरगी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून खरोखरचं टाचण लिहायची, तेही पोरांच्या नावानिशी. ‘बबलू सातानंतर एकदम नऊ म्हणतो. त्याच्याकडून आठ चिंचोके मोजून घ्यावेत.’ मी तिची भरपूर टिंगल करायचे. म्हणायचे, “अगं, टाचण लिहून राह्यलीस का कादंबरी?” ती हसायची आणि पुन्हा खाली मान घालून लिहायची. तिचा मला लळा लागला होता, पण तसं तिला सांगायची माझी पद्धत नाही.

दिवाळीनंतर एका सोमवारी कडूबा शाळेत आला. चौथीतल्या मीनाचा बाप. कधीकाळी तो याच शाळेत माझ्याच हाताखाली शिकायला होता. मधल्या काळात बदल्यांनी मला जिल्हाभर फिरवलं आणि पुन्हा याच वस्तीवर आणून टाकलं, तोवर त्याची लेक माझ्या वर्गात बसायला लागली होती. कडूबानं टेबलावर अर्ज ठेवला. मीनाचा दाखला पाहिजे, आष्टीच्या इंग्रजी शाळेत घालायचंय, गाडी दारात येते.

“का रे, आमच्या शाळेला काय धाड भरली?”

“राग नका मानू बाई. मला इथं भागाकार आला न्हाई, तो आजपस्तोर आला न्हाई. पोरीचं तसं नको व्हायला.”

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, “पुढच्या सोमवारी येतो दाखल्याला.”

मीना म्हणजे माझ्या वर्गातलं बोलकं पाखरू. प्रश्न संपायच्या आत तिचं बोट वर. आता तीच जाणार होती. पण आमच्याकडे दुःख झालं की आधी रागच येतो, आणि त्या रागातच दुसऱ्या दिवशी मी जालन्याला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले. माझा वर्ग दोन दिवस प्रीतीकडे होता. जाताना सांगितलं, “टाचण कपाटात आहे, त्याप्रमाणे घे.”

आता ही प्रीती. तिला वाटलं, सगळेच तिच्यासारखं लिहितात. तिनं बुधवारचं पान उघडलं. भागाकार. खाली लिहिलेलं: ‘कडूबाला फळ्याजवळ बोलवावे. घाई करू नये. बाकी उरली की तो घाबरतो. उरलं तरी चालतं, हे सांगावे.’

तिनं हजेरीपट पाहिला. कडूबा नावाचं पोर नाही. वर्गाला विचारलं, तर मीना उठून म्हणाली, “मॅडम, माझे पप्पा. बोलवू का?”

हल्ली पालकांना वर्गात आणा, पालकांना वर्गात आणा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. प्रीतीला वाटलं, बाईंनी तसं काही ठरवलं असेल. ती म्हणाली, “बोलव.”

कडूबा तुरीत फवारणी करत होता. बाईनं बोलावलं म्हणजे दाखल्याचं असणार, म्हणून हातपाय धुऊन पळत आला. प्रीतीनं त्याला पोरांमध्ये खाली बसवलं, समोर तेवीस चिंचोके ठेवले आणि म्हणाली, पाच जणांना सारखे वाटा. त्यानं वाटले. तीन उरले. ते तीन मुठीत धरून तो नुसताच बसला. प्रीतीनं वहीत होतं तेच सांगितलं, “उरलं तरी चालतं.”

“हे कुठं लिहिलंय?” त्यानं विचारलं. तिनं वही त्याच्या हातात दिली.

हे सगळं मला गुरुवारी सकाळी कळलं. प्रीती माफी मागत होती. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि माझ्याच अक्षरातलं ते नाव बघून ते मिटलं. मला आठवलं. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष. तेव्हा मीही खरंच लिहायचे. आदल्या दिवशी फळ्याजवळ रडलेल्या एका पोरासाठी मी ते लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. बापानं त्याला शहागडला मामाकडे धाडलं होतं. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. तो भागाकाराचा पाठ झालाच नाही आणि मी मात्र दरवर्षी त्याचं नाव नव्या वहीत उतरवत राहिले. मायेनं उतरवत होते असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी वाचतच नव्हते.

मधल्या सुट्टीत कडूबा आला. दारातच उभा राहिला.

“बाई, तुम्ही माझ्यासाठी येवढं लिहिलं व्हतं. मला वाटायचं, मी तुमच्या हिशोबातच नव्हतो.”

“आत ये,” म्हणाले, तेही हळू आवाजात. माझ्यासारखीनं!

मग तो सहज म्हणाला, “मीनाचं काय लिहिलंय?”

मी वही चाळायचं नाटक केलं. चार पानं, पाच पानं. मला माहीत होतं, त्या वहीत मीनाचं नाव कुठंच नाही. शेवटी वही मिटली.

“काही नाही रे. गेल्या वर्षीचं उतरवलंय. त्याच्या आधीचंही तसंच.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त “बरं” म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रीतीच्या वर्गात जाऊन तिच्यासमोर बसले. “शिकव मला,” म्हटलं.

“काय बाई?”

“तुझी कादंबरी.”

ती हसली नाही. तिनं विचारलं, “मीनाला काय येत नाही, ते आधी सांगा.”

“तिला सगळं येतं.”

“कशावरून?”

बोट वर असतं, म्हणून. आणखी कशावरून?

शुक्रवारी पोरांना गणितं दिली आणि मी खुर्ची सोडून मीनाच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. गुडघे कुरकुरले. पोरं माझ्याकडे बघायला लागली, बाईला काय झालं म्हणून. मी मीनाचं पेन बघत राहिले. आणि मला दिसलं. पोरगी गणित वाचतच नव्हती. त्यातले दोन आकडे उचलायची आणि हळूच शेजारच्या प्रियाला विचारायची, “बेरजेचं का वजाबाकीचं?” तेवढं कळलं की झरझर उत्तर आणि बोट वर. तिसरीपासून माझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि मी शाबासकी देत होते.

संध्याकाळी प्रीती आणि मी व्हरांड्यात बसून टाचण लिहिलं. तीन पानं फाडली. एकदा मी चिडून पेन फेकलं, ते तिनं निमूट उचलून आणून दिलं. शेवटी जमलं ते असं: आकडेच नसलेली गणितं.

शनिवारी वर्गात मी म्हणाले, “दुर्गाबाईनं बाजारातून लिंबं आणली. थोडी शेजारी वाटली. आता तिच्याकडे पहिल्यापेक्षा जास्त का कमी?”

मीनाचं बोट सवयीनं वर गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. “बाई, किती आणली?”

“ते मलाही माहीत नाही.”

तिनं प्रियाकडे पाहिलं. प्रियाला काय सांगता येणार? माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, ते मी दातांखाली दाबून धरलं. बराच वेळ गेला. मग मीना, माझं बोलकं पाखरू, हळू आवाजात म्हणाली, “वाटली म्हणजे... कमी.” आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथल्या तिथं तिला उचलून घ्यावंसं वाटलं. मी पुढचं गणित सांगितलं.

सोमवारी कडूबा आला. मी दाखला तयार ठेवला होता, सही-शिक्क्यासह. दाखला आणि वही, दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं आधी वही घेतली. ‘मीना गणित न वाचता आकडे उचलते. चूक माझ्या लक्षात आली नव्हती. आकडे न देता विचारावे. ती गप्प राहिली तर राहू द्यावे.’ एकेका शब्दावर बोट ठेवत त्यानं पान वाचलं. मग उलटलं. पुढचं पान कोरं होतं.

“उद्याचं?”

“शाळा सुटल्यावर लिहीन.”

त्यानं वही मिटली. मग दाखला माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मंग उद्या येऊ द्या तिला. हे तुमच्यापाशीच ठेवा.”

मंगळवारी शाळा भरायच्या आधीच तो दारात हजर. वही मागितली, वाचली, परत दिली. बुधवारी पुन्हा. गुरुवारी त्याला बघून माझं डोकंच फिरलं.

“रोज येणार आहेस का रे तू?”

“तुम्ही रोज लिहिणार का, बाई?”