डाव्या अंगाचा खटका

अलीमने बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्याला लावला, त्यावर गाल टेकवला आणि एक डोळा मिटून समोरच्या ढालींवर नेम धरला. दुकानात नेम धरण्याजोगं दुसरं काही नव्हतंच. ढाली, पत्र्याच्या तलवारी, बांधलेले फेटे, नाटकातल्या राजांच्या मोत्यांच्या माळा, असा सगळा मिरवणुकीचा पसारा वैजनाथने नगरच्या त्या अरुंद गाळ्यात पार छतापर्यंत रचून ठेवला होता. अलीमने दस्ता खाली घेतला आणि मान हलवली.

“का वो अलीमभाई? लाकूड पसंत न्हाई का?”

“लाकूड झ्याक हाय. पन सगळंच करून दिलंय ह्यात. पोरानं काय करायचं, नुसते स्क्रू पिळायचे? ही बंदूक म्हनायची का खेळनं?”

वैजनाथ हसला. गिऱ्हाईक हत्यारांना धार लावणारं शिकलगार असलं की अर्धा दिवस गेला, हे तो धरूनच चालायचा. त्याने पहिलं खोकं बंद केलं आणि दुसरं उघडलं. चकमकीच्या बंदुकीचे सुटे भाग असे खोक्यांत भरून त्याच्याकडे अलीकडेच येऊ लागले होते. नळी आतून गुळगुळीत, पण मधेच वेल्डिंगने कायमची बंद केलेली. बार उडायचा प्रश्नच नाही. बाकी सगळं मात्र जुन्यासारखं होतं. चाप ओढला की घोडा पडायचा, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासायची आणि ठिणगी पडायची. हौशी माणसं ती घरी नेऊन जोडत आणि दिवाणखान्यात टांगत.

दुसऱ्या खोक्यात दस्त्याच्या जागी नुसता लाकडाचा ठोकळा होता. अलीमने तो हातात घेतला, बोटाने वाजवून पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तरणेपण आलं. मग ते गेलं. हा ठोकळा तासायला वाकस चालवावा लागेल, पटाशी धरून वर ठोकावं लागेल. एक हात पटाशीला आणि एक हात हातोडीला.

“हे नगं,” तो म्हणाला.

“आता? मगाशी म्हनला सगळं तयार नगं.”

“व्हय. पन येवढं कच्चंबी नगं.”

घोडेगावच्या बाजारात अलीमचं पाल सगळ्यांना माहीत होतं. मेंढरं कातरायच्या कात्र्या, विळे, कुऱ्हाडी, खाटकांच्या सुऱ्या, जे येईल त्याला तो धार लावून द्यायचा. पण त्याच्या वडिलांचा खरा धंदा बंदुकांचा. परवानेवाल्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्तीला त्यांच्याकडे यायच्या, आणि त्यांच्या हाताखाली अलीमही शिकला होता. परवाने गेले, बंदुका गेल्या, धंदा बसला. घरात उरली ती एक रीत. ह्या घरातल्या पुरुषाने जन्मात निदान एक बंदूक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने जोडायची. ती विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. आणि ती करायची स्वतःच्या अंगाच्या मापाची. माणूस म्हातारा झाला, पाठीत वाकला, तरी त्याची पहिली बंदूक त्याच्या खांद्याला बसली पाहिजे, असं अलीमचे वडील सांगत.

अलीमचा मुलगा हारिस लहानपणापासून ह्या बंदुकीसाठी मागे लागला होता. पण आधी शाळा, मग आयटीआय, मग कंपनीतली नोकरी, ह्यात ते राहूनच गेलं. आणि मग गेल्या ऊस हंगामात, रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी येताना, दिवा नसलेल्या ट्रॉलीवर तो मागून आदळला. डोकं वाचलं, पाय वाचले. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. कुठे जखम नाही, हाड मोडलेलं नाही. दिसायला अख्खा हात, आणि त्यात काही नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी हारिसला बाहेर बाकड्यावर बसवून अलीमला एकट्याला आत बोलावलं होतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळातून उपटल्या गेल्या आहेत, ते म्हणाले. हात अंगाला राहील, पण कामाला येणार नाही. मुलगा तरुण आहे, त्याला तुम्ही सांगता की मी सांगू? अलीम म्हणाला, मी सांगतो. आणि बाहेर येऊन, बाकड्यावरच्या पोराच्या तोंडाकडे बघून, त्याने सांगितलं, “येळ लागंल म्हनले. नसा लई हळू वाढत्यात. वर्ष, दीड वर्ष.”

तेव्हापासून ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. हारिसची आई शहजादी शेजारणींना तेच सांगायची. हारिसची प्रत्येक गोष्ट ‘हात आला की’ ह्या तीन शब्दांनी सुरू व्हायची. हात आला की कंपनीत जाईन. हात आला की दाढी नीट करीन. मित्रांनी बोलावलं तर, हात आला की येतो. तो बाहेर पडेनासा झाला होता. दिवसभर खाटेवर बसून उजव्या बोटांकडे टक लावून बघायचा, आणि मधेच म्हणायचा, “अब्बा, आज अंगठा हालल्यागत वाटला.” अलीम म्हणायचा, “हालनारच की,” आणि उठून बाहेर जायचा. पालावर सुरी सहाणेवर धरली की त्याला वाटायचं, आपण पोराला रोज थोडं थोडं मारतोय. खरं सांगायला तोंड उघडायचा, आणि उघडलेल्या तोंडातून दुसरंच काहीतरी निघायचं. असा भ्याडपणा त्याने आयुष्यात कधी केला नव्हता.

मग एक दिवस न राहवून तो म्हणाला, “तुझी बंदूक करायची का रं?” हारिस नेहमीचं म्हणाला, “हात आला की.” अलीम म्हणाला, “तवर लाकूड तर घासून व्हईल. एका हातानं घासता येतंय, मी ते धरायला शिकंजा लावून देतो.” हारिसने डाव्या हाताची मूठ उघडून मिटून पाहिली. मग म्हणाला, “आना.” कित्येक महिन्यांत त्याने मागितलेली ती पहिली वस्तू होती.

आज सकाळी निघताना अलीमने दोरा घेतला. बंदुकीचं माप कोपराच्या घडीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत घेतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत तेवढी लांबी असली की बंदूक माणसाला बसते. उजवा हात झोळीत होता, म्हणून हारिसने डावा पुढे केला. दोन्ही हात सारखेच, त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अलीमने दोऱ्याला गाठ मारली आणि तो वरच्या खिशात टाकला.

“अजून एक हाय,” वैजनाथ म्हणाला, “पन त्यात एक गोची हाय.” तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरून धूळ बसलेलं तिसरं खोकं काढून त्याने ते गल्ल्याशेजारी ठेवलं.

अलीमने दस्ता बाहेर काढला. लाकूड अर्धंमुर्धं घडवलेलं होतं. नळीची खोबण आणि खटक्याची जागा कोरलेली, पण गालाची बाजू तासायची राहिलेली, मूठ जाड ठेवलेली, सगळीकडे कानस मागणारी. शिकंज्यात धरून एका हाताने महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम, आणि एका हाताने होणार नाही असं त्यात काहीच नाही. अलीम कोपऱ्याकोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

“खटका डाव्या अंगाला हाय,” वैजनाथ म्हणाला. “पुण्याच्या एका डावखुऱ्या मानसानं सांगून मागवली, अन मग फोनच उचलंना. कोन घेनार आता ही? म्हनून वर टाकून दिली.”

घोडा, कमान आणि गारगोटी ज्या पट्टीवर बसवलेली असते तो खटका साध्या बंदुकीत उजव्या बाजूला असतो, म्हणजे ठिणगी नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून लांब उडते. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याला तो डावीकडेच हवा. अलीमने दस्ता डाव्या खांद्याला लावला. गाल टेकला, मूठ डाव्या हातात भरली, आणि बोट आपसूक चापाच्या जागेवर गेलं. त्याने खिशातला दोरा काढून दस्त्याच्या टोकापासून चापाच्या खाचेपर्यंत ताणला. गाठ नेमकी खाचेवर आली.

त्याच्या जिवात जीव आला. किती दिवसांत काही असं जागच्या जागी बसलं नव्हतं.

“हीच द्या,” तो म्हणाला.

“पोरगं डावखुरं हाय व्हय तुमचं?”

“व्हय,” अलीम म्हणाला. त्याच्या डोक्यात तेव्हा कानशी चालू झाल्या होत्या. आधी खरबरीत, मग अर्धगोल, मग काचकागद.

एसटीत त्याने खोकं मांडीवरच ठेवलं. कंडक्टरने वर ठेवायला सांगितलं तर त्याने ऐकलं नाही. इमामपूरचा घाट उतरताना त्याला वाटलं, पोराला आज जेवताना बोलतं करू. लाकडाला जवसाचं तेल कसं मुरवायचं ते सांगू. तेलाचे हात जितके जास्त, तितका रंग खोल. आपल्या बापाने आपल्याला सांगितलेलं पोराला सांगायला काहीतरी उरलं आहे, ह्याचंच त्याला अप्रूप वाटत होतं.

घरी आल्यावर त्याने खोकं खाटेवर ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसून चपला काढू लागला. मुद्दामच. पोराने स्वतः उघडावं म्हणून.

हारिसने दाताने चिकटपट्टी ओढली, डाव्या हाताने झाकण फाडलं आणि दस्ता बाहेर काढला. त्याने तो नाकाशी नेऊन लाकडाचा वास घेतला.

“अक्रोड हाय का वो, अब्बा?”

“तर. मूठ बघ कशी जाड ठिवलीय. तुला पाहिजे तशी उतरवायची.”

हारिसने दस्ता खांद्याला लावला आणि मान कलती केली. त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. अलीमने ते पाहिलं आणि मान खाली घालून चपलेचा पट्टा उगाच पुसत राहिला. डोळे भरून आले होते, ते पोराला दिसायला नकोत.

मग हारिसने खोक्यातून कागदात गुंडाळलेला खटका काढला. दस्ता मांडीवर आडवा धरून तो खटक्याची जागा शोधू लागला. उजव्या अंगाला लाकूड सपाट होतं. त्याने दस्ता उलटा केला. डाव्या अंगाला खोबण होती. खटका तीत अलगद बसला.

“आधी तेल न्हाई लावायचं,” अलीम बोलत होता, “आधी पान्याचा बोळा फिरवायचा. मग लाकडाची लव उभी ऱ्हाती. ती वाळली की पुन्यांदा कागद मारायचा—”

“अब्बा, खटका डावीकडं हाय.”

“तर काय! सगळ्या दुकानात एकच हुती. बरं झालं, नशिबानं ती—”

अलीम थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानावर उशिरा पडलं. अंगणात कोंबड्या उकरत होत्या. त्याने काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला सुरुवात केली.

“न्हाई म्हंजी, वैजनाथकडं दुसरी चांगली नव्हती. बदलून आनता येती. उद्या जातो मी.”

हारिस खटक्यावरून अंगठा फिरवत होता. डावा अंगठा. तो रागावला नाही, ओरडला नाही. अलीमला वाटत होतं, ओरडला तर बरं होईल.

“पहिली बंदूक हाय ना ही?” तो म्हणाला.

“व्हय.”

“म्हंजी जल्माची.”

अलीमने मान वर केली नाही. चपला पायरीखाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा ठेवल्या.

“डॉक्टर कवा बोलले?”

“पहिल्यांदाच,” अलीम म्हणाला. “तुला भाईर बसवलं हुतं तवा.” मग चपलांकडे बघतच, “मला सांगवंना रं.”

हारिसने मान डोलावली, कुणी रस्ता सांगावा आणि आपल्याला तो कळू नये तशी. त्याने दस्ता खोक्यात ठेवला, खटका कागदात गुंडाळला आणि वरून झाकण ओढून घेतलं.

“अम्मीला ठावं हाय?”

अलीमने नकारार्थी मान हलवली.

आतून भांड्याचा आवाज आला आणि शहजादी वाटी घेऊन बाहेर आली. लसूण घालून कोमट केलेलं तिळाचं तेल. ती रोज ह्या वेळी पोराच्या हाताला ते चोळायची; एका दिवसाचाही खाडा केला नव्हता तिने. खोकं तिने बाजूला सरकवलं, बाप-लेकांनी काय आणलं ते नंतर बघू म्हणाली, आणि खाटेवर बसून झोळीची गाठ सोडली. हात तिच्या मांडीवर आला. तिने तेल तळव्यावर घेऊन खांद्यापासून खाली ओढायला सुरुवात केली, मग कोपर, मग मनगट, मग एकेक बोट.

“कालच्यापरीस आज बोटं गरम लागत्यात,” ती म्हणाली. “तुला कळतंय का रं बेटा?”

हारिसने आईच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, आणि मग बापाकडे. पोरगा इतका म्हातारा अलीमला कधीच दिसला नव्हता.

“व्हय अम्मी,” तो म्हणाला. “कळतंय थोडं. अंगठ्यात जास्ती.”

शहजादीने वाटीत बोटं बुडवली आणि अंगठ्याला आणखी तेल लावलं.