वेळाईचा कौल

आमचं गाव बेटावर होतं. चाच्यांनी ते जाळलं, तेव्हा माझ्या सासूने भांडीकुंडी सोडून वेळाई देवीचा दगड तेवढा उचलला. पुण्यात येऊन आम्ही नदीकाठी झोपडी घातली. सदाशिव पेठेतून सुकटीची टोपली नेली की इथले लोक नाक धरतात. धरा बापडे.

वेळाई म्हणजे जाळ्यात आलेला दगड. आमच्या पणज्यांनी तो पुन्हा पुन्हा समुद्रात टाकला आणि दर वेळी तो जाळ्यात परत आला, म्हणून देऊळ बांधलं. दर्यावर गेलेला माणूस परतला नाही की तिला कौल लावायचा. ओल्या दगडावर दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर माणूस जिवंत, डावी पडली तर गेला. कौल मिळेपर्यंत त्याच्या बायकोने कुंकू पुसायचं नाही आणि दुसऱ्याशी पाटही लावायचा नाही.

माझा घरधनी आरमारात गेला तो गेलाच. सासू दर अमावास्येला कौल लावायची. पाकळ्या पडायच्याच नाहीत, दगडावरच वाळून जायच्या. "देवीला पुणं मानवलं नाही," ती म्हणायची. मलाही मानवलं नव्हतं, पण मला विचारतंय कोण?

आमच्याच बेटावरचा दत्तोबा पूर्वी होड्या बांधायचा, इथे बैलगाड्या करू लागला. तो आता कायमचा लोणी काळभोरला निघाला होता. "या अमावास्येला डावी पडली तर पाट लावून तुला घेऊन जातो," म्हणाला. "आणखी किती वाट बघू?" त्याचं काय चुकलं? मलाही जायचं होतं. या जगण्याला जीव नुसता विटला होता.

त्या अमावास्येला टोपली लवकर रिकामी झाली. घरात आले तर सासू पाकळ्यांना भाताची खळ लावत बसलेली.

"आये, हे काय गं?"

तिने हात लपवले नाहीत. "डावी पडली तर माझा पोर जाईल."

"आणि मी? मी जन्मभर अशीच कुजू?"

ती पुढच्या पाकळीला खळ लावू लागली. माझं डोकंच फिरलं. मी दगड खसाखसा धुतला, नुसत्या पाण्याने नव्या पाकळ्या लावल्या आणि म्हटलं, "आता बैस समोर."

दोघी बसलो. नदीवरून वारा आला. डावी पाकळी खाली सरकायला लागली. म्हातारीने डोळे मिटून घेतले. मला घरधनी आठवला, होडी ढकलता ढकलता मागे वळून मला शिव्या घालत हसणारा. पाकळी पडली की तो संपणार होता. मेला मला अजून हवा होता. मी पाकळी अंगठ्याने दाबून धरली, आणि ती वाळेपर्यंत हात काढला नाही.

संध्याकाळी दत्तोबा दारात आला.

"देवी बोलली नाही," मी म्हटलं.

"देवीचं राहू दे. तू बोल."

मी अंगठा पदराला पुसत राहिले. तो गाडी हाकून निघून गेला.