मामांचं पान

मी कमलिनीबाईंची वही बोलतेय. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. अड्यारच्या दुकानातून त्यांनी मला आणलं, त्याला अकरा वर्षं झाली.

कमलिनीबाई चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरातल्या. शाळा तमिळ, त्यामुळे मराठी अक्षरं त्या कॅलेंडरवरून गिरवून स्वतःच शिकल्या. रोज दिवेलागणीनंतर घरातल्यांचं दुखणंखुपणं त्या माझ्यात लिहीत. कुणाचे सांधे सुजले, कुणाचं युरिक ॲसिड वाढलं, कुणाची किडनी कितव्या वर्षी निकामी झाली. गेलेल्या माणसांचंही आठवून लिहिलं.

"अम्मा, माझी शिंकही लिहितेस की काय?" मुलगा विजयेंद्र चिडवायचा. तो ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर.

"शिंकून तर बघ," त्या म्हणत.

मग कमलिनीबाईंच्या यजमानांचं, पद्मनाभांचं डायलिसिस सुरू झालं. विजयेंद्र म्हणाला, माझी एक किडनी अप्पांना देतो. बाईंना एकच धास्ती: हे दुखणं घराण्यातलं असेल आणि मुलातही उतरलं असेल तर?

त्याच सुमारास माझ्याबद्दल ऐकून डॉ. देविका घरी आल्या. मूळच्या पुण्याच्या, गिंडीतल्या एका संस्थेत संशोधन करणाऱ्या. युरिक ॲसिड वाढवून किडनी झिजवणारा जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, हा त्यांचा विषय.

"वही द्या काकू, आणि तुम्हा तिघांचं रक्त. जे कळेल ते आधी तुम्हाला सांगेन."

"सेरी, देते डॉक्टरम्मा. पण जपून वाचा. आतली सगळी माझी माणसं आहेत."

अशी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. देविका माझ्यावरून वंशावळ काढू लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल त्याला काळा रंग. माझ्या एका पानावर होतं, 'मामांचे सांधे सुजले. मग किडनी गेली. वय अठ्ठेचाळीस.'

कमलिनीबाईंच्या घरी सासऱ्यांना मामा म्हणतात. देविकांना मामा म्हणजे आईचा भाऊ. काळा चौकोन बाईंच्या आजोळी जाऊन बसला. पद्मनाभांना मधुमेह होताच. त्यांचं दुखणं देविकांनी साखरेच्या माथी मारलं. मग फक्त बाईंचं रक्त तपासलं आणि फोन केला, "काकू, तुमच्यात दोष नाही. विजयेंद्रला धोका नाही. खुशाल देऊ दे किडनी."

ऑपरेशनची तारीख ठरली, एकोणीस ऑगस्ट.

चार ऑगस्टला देविका माझी मागची पानं चाळत होत्या. 'मामांना यांनी अग्नी दिला, थोरला मुलगा म्हणून.' त्यांचं बोट तिथेच थांबलं. समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, 'मामा = सासरे'. खाली तारीख टाकली. विजयेंद्रचं रक्त फ्रीजमधून काढून तपासायला दिलं. बारा तारखेला उत्तर आलं. दोष होता.

मी फोनशेजारीच उघडी होते. आता लावतील, असं वाटलं.

"आपली चूक फोनवर कबूल करणार?" त्यांचे वरिष्ठ राघोत्तम म्हणाले. "आधी आपला संशोधनाचा पेपर छापून येऊ दे. हॉस्पिटलवाले काय न तपासता सोडतात?"

"हो, तपासतीलच ते," देविका म्हणाल्या आणि मला मिटून टाकलं.

हॉस्पिटलने तपासलं. सोनोग्राफी स्वच्छ, लघवी स्वच्छ. या दुखण्यात तरुणपणी या तपासण्या स्वच्छच येतात. ठरल्या तारखेला किडनी काढली.

मी आज कुरियरने घरी परतले. सोबत छापील पेपर आणि आभाराची चिठ्ठी. बाईंनी पेन्सिलीची अक्षरं वाचली. तारीख वाचली. पेपरातली वंशावळ उघडली आणि मुलाच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून फोन लावला.

"डॉक्टरम्मा, हे तुम्हाला ऑगस्टातच कळलं होतं?"

"काकू, मला वाटलं हॉस्पिटलमध्ये…"

"मामा तुम्हाला कळले नाहीत, ते मी समजते. तुम्ही पुण्याच्या. पण कळल्यावर?"

बाईंनी फोन ठेवला.

रागावणं मला जमत नाही, पण फसवणूक कळते. मला विश्वासाने दिलं होतं, आणि माझ्यातून जे हवं तेवढंच घेतलं गेलं. तुमच्या हाती कुणी आपली माणसं अशी लिहून दिली, तर कळल्याक्षणी त्यांना सांगा. चूक आपली असली तर आधी सांगा.

पद्मनाभ आता जिना चढून येतात. आत्ताच विजयेंद्र कामावरून आला, बूट काढतोय.

"विजया, इथे बस," बाई म्हणाल्या. "तुला एक पान वाचून दाखवायचंय."

त्यांनी मला उघडलं. त्या वेळी मी कोरी असते तर बरं झालं असतं.